काकूंच्या दारातले मंगळवार

२ जून २००९, मंगळवार

नाही, राग गेलेला नाही. जाईल कशाला, माझ्याकडे त्याला खायला-प्यायला काय कमी आहे? सरलादीदींनी विचारलं तेव्हा मी मान हलवून म्हटलं, "चला गया दीदी, कब का चला गया." त्यांना बरं वाटलं. त्या आमच्या संस्थेच्या मोठ्या, लोकांना बरं वाटावं हेच त्यांचं काम. ही वहीपण त्यांनीच दिली. म्हणाल्या, जे तोंडातून निघत नाही ते लिहा. माझ्या तोंडातून काय निघत नाही ते त्यांना अजून कळायचंय, पण दिली तर दिली.

तर सुहासिनीकाकू. झाशीच्या जुन्या शहरात, देवळामागच्या गल्लीत राहतात. त्यांचे कुणी पूर्वज पेशवाईत इथे सुभेदाराचे कारकून होऊन आले, ते अजून काकूंच्या चालण्यात दिसतं. मी त्यांना मनातल्या मनात पेशवीणबाई म्हणते. मी साताऱ्याकडच्या खेड्यातली, सातवीपर्यंत शिकलेली. फौजी नवऱ्याबरोबर झाशीजवळ बबीन्याच्या छावणीत आले. हे गेले, आणि सासरच्यांनी सांगितलं, तू तिकडंच बरी आहेस. झाशीत मराठी बोलायला माणूस मिळत नाही. मला काकू मिळाल्या. काही वर्षं त्यांच्याकडे जात होते, कुरडया घातल्या, पापड लाटले. मोदकाच्या कळ्या पाडायला त्यांनीच शिकवलं. एकदा विचारलं, "अगो कांते, रोज कसली गोळी घेतेस?" मी सांगितलं. एचआयव्ही आहे, यांच्याकडून आला, गोळ्या घेतल्या की ठीक असते. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मागच्या गणपतीत मंडळाच्या स्वयंपाकघरात नारळ खवताना माझं बोट कापलं. थेंबभर रक्त. मी बोट तोंडात घातलं आणि काकू सगळ्या बायकांसमोर ओरडल्या, "दूर हो, दूर हो, हिला तो रोग आहे." माझे मोदक परातीसकट गाईला गेले. गाय शहाणी निघाली, एक शिल्लक ठेवला नाही. महिना सरायच्या आत घरमालकाने खोली सोडायला लावली. आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सीपरीला, संस्थेच्या मागच्या खोलीत राहते.

राग गेला का म्हणे.

४ जून

आमचं काम असं. इस्पितळात या रोगाचं कुणी नवीन सापडतं, घाबरतं, पुन्हा फिरकत नाही. मग आमच्यातली एक त्याच्या घरी जाते. संस्थेतल्या आम्ही सगळ्या याच रोगाच्या, त्यामुळे बोलायला सोपं. पण दारात उभं राहून संस्थेचं नाव घेतलं तर त्या घराचा सत्यानाश. म्हणून पापडाची पिशवी. पापडवाली कुणाच्याही ओट्यावर टेकते, आतली बाई भाव करायला बाहेर येते, दोन शब्द होतात.

नियम एकच. ज्या गल्लीत तुम्हाला ओळखतात तिथे पाऊल टाकायचं नाही. तिथे पिशवी काही झाकत नाही, उलट दाखवते.

आज पापडाच्या चवडी बांधताना हा नियम मी उलटा करून बघितला. काकूंच्या गल्लीत मला कुत्रंसुद्धा ओळखतं, आणि मी आता या संस्थेत आहे हेही जाणतं. मी ज्या दारात बसेन त्या घरात काय आहे ते सांगायला नकोच. एक अक्षर खोटं बोलायचं नाही. फक्त पापड विकायचे. मला एवढं हसू आलं की उडदाचं पीठ नाकात गेलं.

९ जून, मंगळवार

गेले.

लू चालली होती, इथला तो भाजणारा वारा, गल्लीत चिटपाखरू नाही. म्हणून मुद्दाम ऊन उतरेपर्यंत थांबले. बायका ओट्यावर आल्या आणि मग मी काकूंच्या पायरीवर ठाण मांडलं आणि हाक मारली, "काकू, आले हो मी."

पेशवीणबाई बाहेर आल्या. हातात पोथी तशीच.

"तू कशाला आलीस?"

"पापड घेऊन आले. तुम्हाला आवडतात ना माझ्या हातचे."

"नकोत."

"मागच्या वेळचे संपले असतील, म्हटलं विचारावं." मागची वेळ म्हणजे गेल्या उन्हाळ्यातली. पण समोरच्या गच्चीवरच्या तिवारीनला कुठे माहीत. तिची मान जिराफासारखी लांब झाली.

"काए बाई," तिने वरूनच विचारलं, "इतै रोज आउतीं का?"

"रोज नईं भाभी, मंगल के मंगल." माझी बुंदेली ऐकून ती खूश.

काकूंना मला हाकलता येईना, कारण हाकललं तर आवाज चढणार आणि आवाज चढला तर आणखी गच्च्या भरणार. पैसे आणायला आत गेल्या. तेवढ्यात सून आली, बकुळा. गुरसरायची, लग्नाला दीड वर्ष झालं, पोट दिसायला लागलंय. गरीब गाय. तिला पापड दिले. काकूंनी पैसे माझ्या हातात न देता पायरीवर ठेवले. मी ते पदराने पुसून घेतले, म्हटलं, "तुमचं काही लागायला नको मला." तिवारीन हसली.

सायकल रिक्शाने परत आले. चैन केली.

१६ जून, मंगळवार

आज काकू बाहेरच आल्या नाहीत. त्यांचे यजमान जनार्दनपंत आले. रेल्वेतून रिटायर झालेले, सभ्य माणूस. "कांताबाई, बसा," म्हणाले आणि गल्लीकडे बघत उभे राहिले. मला त्यांची दया आली असती, पण मी त्यांच्यासाठी आलेले नव्हते.

बकुळाने पाणी आणून दिलं. पेल्यात. मागच्या गणपतीनंतर या घराच्या पेल्यातून मी पाणी पिईन असं वाटलं नव्हतं. ही पोरगी मराठी बोलते तेव्हा अर्धी हिंदी असते. "मावशी, तुमची गोळी कडवी असते का?" असं विचारत होती. "और उससे बच्चे को..." मी म्हटलं, माझं बच्चं असतं तर ते आज फौजेत असतं. चौकस आहे पोर. या वयात सगळ्यांना सगळं विचारायचं असतं.

विद्याधर, म्हणजे काकूंचा मुलगा, तेव्हाच बिजौलीच्या कारखान्यातून आला. किती वाळलाय. शर्टात माणूस आहे की हँगर. मला बघून मागच्या दाराने आत गेला. तिवारीनने तेही टिपलं.

१९ जून

बातमी आली. बातमी आणायला जावं लागलं नाही, सीपरीच्या भाजीबाजारात आपोआप मिळाली. काकूंच्या भांडीवालीने काम सोडलं. दूधवाला आता दूध वरून ओततो, पातेल्याला माप लागू देत नाही. जनार्दनपंतांच्या ओट्यावर संध्याकाळी पत्त्यांचा डाव बसायचा, तो आता दोन घरं सोडून बसतो.

मी कुणाला काही बोलले का? नाही. पापड विकले.

आज माझ्या एकटीसाठी पुरण घातलं.

२३ जून, मंगळवार

काकू आज दारातच उभ्या होत्या, वाट बघत असल्यासारख्या.

"तुला काय हवंय?"

"गिऱ्हाईक."

"कांते, तू हे मुद्दाम करत्येस."

"काय करत्ये मी काकू? सांगा ना जरा मोठ्याने. मला तुमच्यासारखं मोठ्याने बोलता येत नाही."

आवाज बसलाय त्यांचा. त्यांना ज्येष्ठात नेहमी घसा धरतो, सुंठ-गूळ लागतो. पूर्वी मी करून द्यायचे. आता कोण देतंय. बरं झालं.

बकुळा आतून खिडकीच्या गजाला धरून उभी होती. मी तिकडे बघितलं नाही. पिशवीतला एक पुडा जास्त निघाला, तो पायरीवर तसाच ठेवून आले. विसरला असेल.

२५ जून

सरलादीदींनी आज सगळ्यांना बसवलं. इस्पितळातल्या सिस्टरने निरोप दिलाय. जुन्या शहरातली एक गरोदर मुलगी तपासणीत सापडली. पुन्हा आलीच नाही, पत्ता खोटा लिहून गेली. मराठी घरातली वाटली म्हणे. औषध वेळेवर सुरू झालं आणि बाळंतपण इस्पितळात झालं तर बाळ वाचू शकतं. घरी दाईकडे झालं तर बाळालाही होऊ शकतो. दीदी म्हणाल्या, "किसी के कान पर कुछ पड़ा हो तो बोलो. कांता, तुम्हारे मराठी लोग हैं, तुम्हें कुछ अंदाज़ा?"

मी म्हटलं, "शहर बहुत बड़ा है दीदी."

दीदींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी पापडाला दोरा बांधत होते, गाठ घट्ट बसत नव्हती.

३० जून, मंगळवार

गेले. बसले. आले. ऊन फार. लिहिण्यासारखं काही नाही.

१ जुलै

आहे लिहिण्यासारखं. तिवारीनने काल मला वर गच्चीवरून विचारलं, "काए, घर में कौन खों है? बुढ़िया खों कै लरका खों?" म्हणजे रोग कुणाला, म्हातारीला की मुलाला. मी म्हटलं, "भाभी, हम तो पापड़ बेचत." तिने डोळा मारला. मीही मारला.

नंतर रिक्शात बसल्यावर मात्र तो डोळा फडफडत राहिला.

७ जुलै, मंगळवार

बकुळाला घेऊन जाणार आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, गुरसरायला. बावीस तारखेला ग्रहण आहे, त्याच्या आत पोचवायची म्हणून घाई. येत्या मंगळवारी डोहाळजेवण, दुसऱ्या दिवशी सकाळची बस. जनार्दनपंतांनी सांगितलं. काकूंनी घरोघर जाऊन बायकांना बोलावलंय, म्हणे पायात चप्पल न घालता गेल्या. मराठी घरं मोजून तेवढीच, तरी एकही सोडलं नाही.

बकुळा आज माझ्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत आली. डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी, भाजीला निघाल्यासारखी. मी पाय उचलले. गरोदर बाईला उन्हात पळवायला नको होतं, पण मला रिक्शा पकडायची होती.

घरी आल्यावर मला एक प्रश्न पडला. पाचजणी तरी येतील का काकूंकडे? मग स्वतःच उत्तर दिलं आणि हसले. नंतर जेवण गेलं नाही. उन्हाने असेल.

१४ जुलै, मंगळवार

आजचं आजच लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पाच वाजता पोचले. दाराला तोरण, आत झोपाळ्याला झेंडूच्या माळा. बकुळा हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने, एकटीच झोपाळ्यावर. ताटं मांडलेली. पाच तऱ्हेचे भात केले होते, वर माशी बसू नये म्हणून जाळ्या. कुणीही आलं नव्हतं. एकही नाही. जनार्दनपंत मागच्या अंगणात पाठ करून उभे. विद्याधर घरात नव्हता.

मी पायरीवर बसले. तिवारीन गच्चीवर. तिच्या शेजारच्या गच्चीवर आणखी दोघी. सगळा खेळ माझा. मला वाटलं होतं मजा येईल. आली. खोटं कशाला बोलू.

काकू बाहेर आल्या. कुंकू मोठं लावलेलं, घामाने ओघळलेलं.

"कांते, आत ये."

"मी पायरीवरच बरी."

"ओटी भरायची आहे पोरीची. मी एकटीने भरली. निदान आणखी एक बाई हवी."

"काकू, मी विधवा आहे."

"ठाऊक आहे मला."

"आणि मला तो रोग आहे."

"तेही ठाऊक आहे."

"मग गल्लीत येऊन सांगा. मला ऐकू येत नाही."

मला वाटलं दार लावतील. त्या पायऱ्या उतरल्या, गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि बसलेल्या घशाने म्हणाल्या, आधी मराठीत, मग गच्च्यांना कळावं म्हणून हिंदीत, "कांता मेरे घर की मेहमान है. मेरी बहू की गोद यही भरेगी. जिसे देखना है देख ले."

तिवारीनने वाळत घातलेली चादर उगाच झटकली.

हे मला हवं होतं. गणपतीपासून हवं होतं. मिळालं. मी उठले, पाय धुतले आणि आत गेले.

काकूंनी सुपात तांदूळ, नारळ, खण दिला. मी समोर बसून बकुळाच्या पदरात ओंजळ रिकामी केली. पुढे काय म्हणतात ते आठवेना, यांच्यामागे सवय गेली. तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. नखं लागली.

"मावशी, उद्या सकाळी बस आहे. गुरसरायमध्ये दाई घरीच येते. अब तो बोलो."

काकू म्हणाल्या, "काय बोलायचंय तिने?"

बकुळाने सांगितलं. सगळं, एका दमात, हिंदीत. इस्पितळातली तपासणी, खोटा पत्ता, विद्याधरचा ताप, तो कुणाला सांगू देत नाही ते. पदरातले तांदूळ सांडत होते आणि ती एका हाताने ते गोळा करत होती.

काकू पाटावर बसल्या. आधी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"म्हणून येत होतीस तू," त्या म्हणाल्या. "मंगळवारचे मंगळवार. माझ्या पोरीसाठी."

मी म्हटलं, "हो."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. वरून त्यांचा भांग दिसत होता, मेंदी उतरलेली, मुळाशी सगळे पांढरे. मी हात उचलला होता. कुठे ठेवावा कळेना, म्हणून परत मांडीवर ठेवला.

१६ जुलै

बकुळा बसमध्ये बसली नाही. काकूंनीच तिला काल इस्पितळात नेलं, मी बरोबर. विद्याधरही आला, बापाने दंडाला धरून आणला. त्याचीही तपासणी झाली, जे माहीत होतं तेच निघालं. बाळंतपण इथेच करायचं ठरलंय. डॉक्टरीणबाईंनी बकुळाचा कागद बघितला आणि म्हणाल्या, "ताकत बहुत गिर गई है इसकी. दवा आज से शुरू. महीना भर पहले ले आतीं तो अच्छा रहता." काकूंनी मान खाली घातली. त्यांना वाटलं त्यांना बोलल्या.

आज काकू संस्थेत आल्या. पेशवीणबाई, सीपरीच्या या खोलीत, सतरंजीवर. सगळ्यांसमोर मोडक्या हिंदीत सांगितलं की ही कांता माझे अपमान गिळत, उन्हात, माझ्या सुनेसाठी दारात बसली. मी हिचा घात केला होता, तरी बसली. मग सुंठ घातलेला चहा माझ्याच हातचा मागितला आणि प्यायल्या. सरलादीदी आधी नियम मोडल्याबद्दल रागावल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "कांता, उस दिन तुमने मुझे भी नहीं बताया. इतना पक्का पेट." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बकुळा कोपऱ्यात गोळ्यांची बाटली हातात घेऊन बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखाद्याला पहिल्यांदा बघावं तशी.

ती कुणाला सांगणार नाही. मला तिची खात्री आहे, आणि त्याचंच वाईट वाटतं.

काकू जाताना म्हणाल्या, "येत जा गो. पिशवी नको आणूस." मी म्हटलं, "पिशवी नसेल तर तिवारीनला काय दाखवू?" त्या हसल्या. पूर्वीसारख्या.

१८ जुलै

काकूंकडे काल गेले नाही. आजही नाही.

बकुळाने मला पहिल्याच मंगळवारी सांगितलं होतं. काकू पैसे आणायला आत गेल्या तेव्हा. दाराची कडी धरून उभी होती. म्हणाली, "मावशी, मुझे भी है. आप मेरे लिए ही आई हो ना? सिस्टर बोली थी, कोई आएगा."

मी विचारलं, "उडीद देऊ की मूग?"

ती रडायला लागली, मी उडीद दिले. पुढचे सगळे मंगळवार ती तेच विचारत राहिली, गोळ्यांचं, बाळाचं, आणि मी तिला फिरवत राहिले. हो म्हटलं असतं तर तिला त्याच आठवड्यात इस्पितळात न्यावं लागलं असतं, माझं दारात बसणं बंद झालं असतं आणि काकू सुटल्या असत्या. मला त्या गल्लीत उतरलेल्या बघायच्या होत्या.

मला बाळाचं सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पहिल्याच दिवशी, परतताना, रिक्शात.